श्यामची पत्रावळ आणि आमचा पळस



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘कादंबरी आणि हातकाम’ असा जाहीर झाला आहे. ऐकायला तो फार मोठा वाटतो, म्हणून सुरुवातीलाच त्याला आवर घालू. आज आपण एका पुस्तकातल्या एकाच प्रकरणाबद्दल बोलणार आहोत. पुस्तक ‘श्यामची आई’ आणि प्रकरण ‘पत्रावळ’, म्हणजे सातवी रात्र. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही काही निवृत्त मंडळी दर आठवड्याला वाचनवर्ग घेतो. पुस्तक वर्गात मोठ्याने वाचायचे आणि मग त्यावर बोलायचे, एवढाच त्याचा नियम. ‘पत्रावळ’ वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, हे करून पाहायचं का?’ पळस तर कुंपणापलीकडेच उभा होता. नाही म्हणायला कारण नव्हते. आम्ही पत्रावळी लावून पाहिल्या आणि नंतर तेच प्रकरण पुन्हा वाचले. दुसऱ्या वाचनात ते बरेच वेगळे निघाले. हा फरक कशाने पडला, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. ‘पत्रावळ’ हे प्रकरण आपण स्वावलंबनाचा धडा म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेही. पण काम हाताने करून पाहिले की त्यात आणखी दोन प्रश्न दिसू लागतात. पहिला प्रश्न, काम चांगले झाले की नाही हे ठरवते कोण? दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. एखादी गोष्ट येत नाही याची लाज असते, तशी ती येते याचीही लाज असते. गुरुजींच्या पुस्तकात यातली पहिली लाज आहे. दुसरी आम्हाला आमच्या वर्गात सापडली.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. साने गुरुजींचा जन्म 1899 सालचा, कोकणातल्या पालगडचा. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली आणि पुस्तक 1935 साली प्रसिद्ध झाले. आश्रमात रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशा 42 रात्री. ही कादंबरी, की आत्मचरित्र, की कथामाला, हा वाद जुना आहे. आम्ही त्यात शिरत नाही. एका मुलाचे मन घडत जाते आणि ते आपण टप्प्याटप्प्याने पाहतो, एवढ्या अर्थाने ती कादंबरी म्हणून वाचता येते, आणि आम्ही ती तशीच वाचली.

एक गोष्ट मात्र तत्त्वज्ञानाच्या माणसाने नोंदवायलाच हवी. गुरुजी काही काळ अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला होते. 1924 साली ते तिथल्या शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहही सांभाळू लागले. तिथे मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे एकीकडे वेदान्ताची चर्चा आणि दुसरीकडे हातात केरसुणी. ‘श्यामची आई’ या दोन टोकांच्या मधे लिहिली गेली आहे. ती रडवते, असे म्हणून आपण तिला बाजूला ठेवतो, किंवा ती रडवते म्हणूनच डोक्यावर घेतो. अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाने तर महाराष्ट्राच्या डोळ्यांना पाणी आणले आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळवले. पण या अश्रूंमुळे त्या पुस्तकातले हातांचे काम आपल्या नजरेतून सुटते. पुस्तक पुन्हा चाळून पाहा. फुले तोडणे, पोहणे, स्वयंपाक, घरकाम, पत्रावळ. श्याम ज्या गोष्टी शिकतो त्यातल्या कितीतरी अंगाने शिकायच्या आहेत. आई त्याला तत्त्वे सांगते हे खरे, पण ती बहुधा काहीतरी करताना, किंवा त्याच्याकडून काहीतरी करून घेताना.

आता प्रकरणाकडे येऊ. घरात सगळ्यांना पत्रावळ लावता येते, श्यामला येत नाही. शिकायची त्याला इच्छाही नाही. आई सांगते की आपली पत्रावळ आपण लावायची, नाहीतर जेवण नाही. श्याम रुसतो, हटून बसतो. शेवटी माहेरी आलेल्या थोरल्या बहिणीकडून, अक्काकडून, शिकतो. त्याने लावलेल्या पत्रावळीचे कौतुक होते. गोष्ट संपली. वर्गात याचा अर्थ विचारला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत जी उत्तरे आली ती आपल्या सर्वांना पाठ आहेत. स्वावलंबन, श्रमप्रतिष्ठा, आईची शिस्त. परीक्षेत लिहिली तर पूर्ण गुण मिळावेत अशी उत्तरे. त्यात चूक काही नव्हते, पण ती द्यायला प्रकरण वाचण्याचीही गरज नव्हती. शीर्षक आणि लेखकाचे नाव एवढे पुरले असते.

मग पाने आणली. दिवाळी होऊन गेली होती, म्हणजे पळसाची पाने जून होत आलेली, पण अजून झाडावर होती. फाल्गुनात हेच झाड निष्पर्ण होते आणि नुसते केशरी फुलून येते. आपल्याकडच्या रानात, केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या पट्ट्यात, साग आणि पळस पाहायला मुद्दाम कुठे जावे लागत नाही. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण तर सबंध महाराष्ट्राची आहे. एका देठाला तीन पर्णिका, मधली जरा मोठी. वरची बाजू गुळगुळीत, खालची किंचित लवदार. ही माहिती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मिळते. पत्रावळ लावताना तिच्यातला कोणता भाग कामाचा आहे, हे मात्र त्या पुस्तकात नसते.

घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या आजींना आम्ही वर्गात बोलावले होते. त्यांच्या घरी हे काम वर्षानुवर्षे चालते. त्यांनी पानांचा ढीग पाहिला आणि निम्मी पाने बाजूला काढली. का, असे मुलांनी विचारले. त्या म्हणाल्या, ‘पान कवयं राह्यलं त फाटते, जून झालं त मोडते. मधातलं घेजा.’ मधातले कसे ओळखायचे? ‘हाताले समजते न बापा.’ एका मुलाने वहीत लिहून घेतले: मधले पान घ्यावे. पण ते वाक्य वहीत आल्याने त्याच्या हाताला काही समजले नव्हते. त्याने पुढची चार पाने उचलली, त्यातली तीन आजींनी परत ढिगात टाकली.

काम दिसायला सोपे आहे. एक पान मधे, बाकीची भोवती, प्रत्येक पान शेजारच्या पानावर दोन बोटे चढलेले. गुळगुळीत बाजू वर. बांबूची बारीक काडी दोन्ही पानांतून खाली घालायची, पुन्हा वर काढायची आणि उरलेली नखाने मोडायची. झाला टाका. पण टाक्यात पान थोडे धरले तर ते फाटते, जास्त धरले तर चुणी पडते आणि तिथे भोक राहते. काडी शिरेजवळ घातली की पान शिरेच्या रेषेत चिरत जाते. काडी जाड असेल तर पान फाटते, बारीक असेल तर काडीच मोडते. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी, की प्रत्येक टाका घालताना सबंध पत्रावळ हातात फिरत राहिली पाहिजे, तेही आधीचे टाके न निसटता. डावा हात धरतो आणि फिरवतो, उजवा टाके घालतो. आमच्या मुलांचे दोन्ही हात एकाच टाक्यात गुंतून पडत होते. पहिल्या तासात वीस जणांनी मिळून जे केले त्यातल्या जेमतेम तीन वस्तूंना पत्रावळ म्हणता आले असते. बाकीच्यांना आजींनी काहीच नाव दिले नाही. (हशा)

इथे थोडे तत्त्वज्ञान केले तर चालेल ना? गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात एक भेद मांडला. ‘अमुक आहे हे माहीत असणे’ एक, आणि ‘अमुक करता येणे’ दुसरे. आपली समजूत अशी असते, की करता येणे म्हणजे आधी नियम माहीत असणे आणि मग तो लावणे. राइल विचारतो, नियम लावणे हेही एक काम आहे ना? मग ते नीट करायला आणखी एक नियम हवा. तो लावायला आणखी एक. असे मागे मागे जात राहिलो तर माणसाच्या हातून कधी काही होणारच नाही. पण होते. म्हणजे करता येणे ही माहितीची धाकटी बहीण नव्हे, तिला स्वतःचे घर आहे. आमच्या मुलाच्या वहीतले वाक्य आणि आजींचा हात यांतले अंतर ते हेच.

‘श्यामची आई’मध्ये ही गोष्ट दोनदा आली आहे, हे आमच्या लक्षात पत्रावळीनंतर आले. ‘श्यामचे पोहणे’ हे प्रकरण आठवा. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई छडी घेऊन विहिरीवर पिटाळते. आजच्या पालकांना ते क्रूर वाटते, आणि तो आक्षेप अगदीच सोडून देण्यासारखा नाही. पण काठावर बसून कोणाला पोहता आलेले नाही, हे त्या आईला नक्की कळले होते. ‘पत्रावळ’ आणि ‘पोहणे’ ही जोडप्रकरणे आहेत. दोन्हींत श्यामचा नकार आहे, आईचा हट्ट आहे आणि शेवटी अंगात उतरलेली एक विद्या आहे. याच्या उलट ‘मुकी फुले’मध्ये हात आवरायला शिकवले आहे. कळ्या उमलण्याआधीच ओरबाडून आणणाऱ्या श्यामला आई थांबवते. हात कुठे चालवायचा आणि कुठे आवरायचा, या दोन्हींचे शिक्षण पुस्तकात आहे. नुसते स्वावलंबन म्हटले की ही सगळी वीण एका शब्दाखाली झाकली जाते.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रात याच्याशी जुळणारी एक गमतीची चर्चा आहे. ‘कुशल’ या शब्दाची परंपरेने दिलेली व्युत्पत्ती म्हणजे कुश, दर्भ, आणणारा. दर्भाची पाती धारदार असतात, हात न कापता ती तोडून आणणे हे कसब. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला: एखाद्याला कामात कुशल म्हटले की आता दर्भाचा संबंध उरत नाही, रूढीने ‘निपुण’ हा अर्थ घ्यायचा. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्यावर हरकत घेतली. त्याचे म्हणणे, व्युत्पत्ती वेगळी आणि शब्दाचा चालता अर्थ वेगळा, ‘निपुण’ हाच ‘कुशल’चा सरळ अर्थ आहे, यात लक्षणा कशाला? वाद कोणी जिंकला हे आज बाजूला ठेवू. आम्हाला त्यातली वेगळीच गोष्ट खुणावते. दोघेही पंडित एका बाबतीत एकमताचे आहेत, की शब्दातले गवत आता उरलेले नाही. आपल्या शिक्षणाचे नेमके हेच झाले आहे. कौशल्य हा शब्द आता सरकारी कागदांवर, विभागांच्या पाट्यांवर सगळीकडे आहे, पण त्यातले पान, काडी, कापलेले बोट निघून गेले. आमच्या मुलांची बोटे त्या दिवशी खरोखर कापली, तेव्हा ‘कुशल’ या शब्दात त्यांच्यापुरते गवत परत आले.

आता निकषाचा प्रश्न. कोणाची पत्रावळ चांगली, यावर मुलांत वाद लागला. एकाची गोल होती, एकाची मोठी, एकीची पानांची रचना फुलासारखी दिसत होती. परीक्षकाने म्हणजे आम्ही निकाल द्यावा, अशी अपेक्षा होती. आजींनी मात्र विचारले, जेवण कुठे आहे? आमच्याकडे रोडग्यांचा बेत असला की पत्रावळीवर पातळ वरण वाढले जाते, आणि तिथे कोणाचीच लबाडी चालत नाही. भात आणला, प्रत्येकाने आपापल्या पत्रावळीवर आळे केले, वरण घातले. फुलासारखी दिसणारी पत्रावळ पहिल्याच पळीला गळाली. वेडीवाकडी दिसणारी एक शेवटपर्यंत टिकली. निकाल कोणी द्यावा लागला नाही.

यानंतर प्रकरण पुन्हा वाचले, तेव्हा आईच्या अटीचा अर्थ बदलला. ‘आपली पत्रावळ लाव, मगच जेवण’ ही अट पहिल्या वाचनात शिक्षेसारखी वाटली होती. आता दिसले, की तिने काम आणि त्याची कसोटी एकाच जागी आणून ठेवली आहे. श्याम जे लावणार त्यावरच श्याम जेवणार. खोटे काम केले तर त्याचे वरण त्याच्याच मांडीवर येणार. गुण देणारा मधे कोणी नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांत काम एकीकडे आणि त्याची परीक्षा दुसरीकडे असते. म्हणून निकृष्ट काम करूनही उत्तम गुण मिळतात, आणि चांगले काम करणाऱ्याला आपण चांगले केले हे कळायला तीन महिने थांबावे लागते. अन्न आणि काम असे जोडणारी ही आई कडक आहे, पण ती मुलाला कोणाच्या मर्जीवर सोडत नाही. ‘श्यामची आई’ फार उपदेशी आहे, असे म्हणणाऱ्या समीक्षकांनी ही जागा एकदा पाहावी. इथे उपदेशाचे काम पत्रावळ करते.

इथवर सगळे गुरुजींच्या बाजूचे झाले. आता दुसरी बाजू.

आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. पहिल्या तासात तिची पत्रावळही इतरांसारखीच बिघडली होती. पण वरण वाढायच्या वेळी पत्रावळी कमी पडल्या, घाई झाली, आणि आजींच्या शेजारी बसून तिने भराभर तीन-चार लावल्या. काडी नखाने मोडल्याचा एकसारखा आवाज येत होता. पान ती बघून उचलत नव्हती. सगळे थांबून पाहू लागले. कोणीतरी म्हणाले, ‘अगं, तुला तर येतं!’ ती म्हणाली, ‘नाही, असंच.’ आणि हात काढून घेतला. पुढच्या आठवड्यात तिनेच वर्गात सांगितले, की तिच्या घरी पत्रावळी लावून बाजारात विकतात, लहानपणापासून तिने ते केले आहे, आणि महाविद्यालयात हे कोणाला कळू नये असे तिला वाटत होते. पहिल्या दिवशी तिने मुद्दाम वाईट टाके घातले होते.

मित्रहो, या एका गोष्टीने आमचे सगळे वाचन उलटे केले. श्यामला पत्रावळ येत नव्हती, म्हणून तो घरात कमी पडत होता. आमच्या मुलीला ती येत होती, म्हणून आपण वर्गात कमी पडू असे तिला वाटले. श्यामचे न येणे हा त्याचा एकट्याचा आळस आहे, घरात बाकी सगळ्यांना येते. तिचे येणे ही तिच्या घराची परिस्थिती आहे, वर्गात बाकी कोणालाच येत नाही. श्यामला कौतुक मिळते, कारण त्याने शिकले नसते तरी चालले असते. गरीब ब्राह्मणाचे घर, कर्जाचा घोर, हे सगळे त्या पुस्तकात आहे. पण त्या घराचे पोट पत्रावळीवर नव्हते. ती त्या घरात संस्कार होऊ शकली ती म्हणूनच.

आजींना आम्ही श्यामची गोष्ट सांगितली होती. त्यांनी शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, ‘त्याच्या घरी पत्रावयी इकत होते का?’ नाही म्हटले, घरच्या जेवणापुरत्या लावत. त्या म्हणाल्या, ‘मंग बरं हाय.’ या प्रकरणावरची इतकी नेमकी टीका आम्ही तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

याला जोडून आपल्याच वऱ्हाडातली एक कादंबरी आठवते, उद्धव शेळके यांची ‘धग’, 1960 सालची. शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबातल्या कौतिकची ती कहाणी. तिथेही टाके आहेत, हातांचे कष्ट आहेत. पण ‘धग’मध्ये काम माणसाला घडवून वर काढत नाही. कौतिक जिद्दीने राबते, आणि तरी घर तिच्या डोळ्यांदेखत विस्कटत जाते. ‘श्यामची आई’ आणि ‘धग’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही आता विद्यार्थ्यांना सांगतो. पहिल्यात श्रमाला अर्थ आहे. दुसऱ्यात श्रमाला भाव नाही. अर्थ आणि भाव या दोन्ही शब्दांचा दुहेरी उपयोग मराठीत आहेच, तो इथे कामाला येतो.

आता कोणी म्हणेल, मग वर्गात पत्रावळी लावण्याचे हे नाटक हवे कशाला? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला इतिहास आहे. वर्धा नदी ओलांडली की आपल्या शेजारी सेवाग्राम आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. त्यात हस्तोद्योग हा जोडविषय नव्हता, त्याच्यामधूनच गणित, भूगोल, भाषा शिकवायची होती. कल्पना खोल होती. पण तिच्या आसपास एक धोका कायम फिरत होता. 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. लोकांनी विचारले, म्हणजे चांभाराच्या मुलाने चांभारच व्हायचे का? विरोध इतका झाला की 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. जात म्हणजे श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले होते. ज्याच्या त्याच्या हातात त्याच्या त्याच्या जातीचे हत्यार द्यायचे आणि त्याला श्रमप्रतिष्ठा म्हणायचे, ही फसवणूक आहे.

म्हणून आमच्या मते प्रश्न हातकाम हवे की नको असा नाही. प्रश्न असा, की वर्गात कोणाला काय शिकायला लावले जाते आणि शिकवणारा कोण असतो. पत्रावळ लावणाऱ्यांच्या मुलीला पुन्हा पत्रावळ शिकवण्यात काही अर्थ नाही, तिला ती येते. तिच्याकडून इतरांनी ती शिकणे यात अर्थ आहे, आणि तिला तर्कशास्त्र, इंग्रजी, संगणक मिळणे यात अर्थ आहे. त्या मुलीने सांगितल्यानंतरच्या तासाला तीच शिकवायला उभी राहिली. आम्ही तिला आग्रह केला नव्हता. ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही काडी चुकीच्या बाजूने घालता.’ श्यामच्या गोष्टीत अक्काची एक छोटी जागा आहे. आई अट घालते, पण हात धरून शिकवते ती बहीण. पहिल्या वाचनात अक्काकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. आता सगळ्या वर्गाचे लक्ष तिच्याकडे गेले. आई नसती तर श्याम शिकायला बसला नसता, पण अक्का नसती तर तो नुसता उपाशी राहिला असता. शिक्षणावर बोलताना आपण आईच्या हट्टाबद्दल पानेच्या पाने लिहितो आणि अक्काला विसरतो.

नव्या शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना पाठवावे, त्यांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम पाहावे-करावे, अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे. पण तिथे एक साधी कसोटी लावून पाहावी. दहा दिवसांनी फक्त मुलांच्या वहीत कुंभारावर निबंध आला, की कुंभाराच्या मुलाची वर्गातली जागाही बदलली? पहिलेच झाले असेल तर ती सहल. दुसरे झाले तर ते शिक्षण.

भावाचाही प्रश्न उरतोच, तो टाळता येणार नाही. 2018 च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी घातली. पानाच्या पत्रावळीला आता दिवस येतील, असे तेव्हा वाटले होते. लग्नाच्या पंगतींत आज काय दिसते? चकचकीत कागदी ताटल्या, नाहीतर यंत्रात दाबून काढलेल्या. यंत्राला आमचा विरोध नाही, हातापेक्षा यंत्राचे काम कमी पवित्र असे आम्ही मानत नाही. पण पान गोळा करणारी बाई आणि पंगतीत जेवणारा माणूस यांच्यामधे जेवढे हात वाढतात तेवढा तिच्या वाट्याचा पैसा कमी होतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानातल्या लोकांचा हक्क मान्य केला. पण हक्क मिळाला म्हणजे भाव मिळाला असे होत नाही. कादंबरीच्या समीक्षेत हे सगळे कशाला, असे विचाराल तर उत्तर असे, की पत्रावळ या वस्तूला किंमत नसलेल्या समाजात ‘पत्रावळ’ या प्रकरणाला आपण जी किंमत देतो ती पोकळ आहे. आजींचा प्रश्न आपण ऐकला नसता तर हे आम्हालाही एवढे स्पष्ट दिसले नसते.

मग ‘श्यामची आई’ आमच्या लेखी लहान झाली का? नाही. उलट आम्हाला ती आधीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटू लागली. गुरुजींनी आपल्या घराबाहेरचे अनुभव आपले म्हणून सांगितले नाहीत. जे त्यांच्या घरात घडले ते त्यांनी लिहिले. पुढे ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यात मुलानेही बायकांची म्हणून ठरलेली कामे करावीत हे ते त्या काळात मोकळेपणाने मांडतात. म्हणजे काम आणि लाज यांचा संबंध त्यांनी ओळखला होता. पुरुष म्हणून वाटणारी लाज त्यांनी पुसायला घेतली. गरीब म्हणून वाटणारी, जातीमुळे वाटणारी लाज पुसण्याचे काम मात्र पुढच्या वाचकांवर राहिले आहे. थोर पुस्तकाने सगळे करून ठेवावे, अशी अपेक्षा आपण का करावी?

शेवटी वाचनाबद्दल एक सूचना, विशेषतः इथे बसलेल्या शिक्षकांसाठी. मराठी कादंबरीत हात पुष्कळ आहेत. ‘बनगरवाडी’तले धनगर, ‘गोतावळा’तला शेतावर राबणारा गडी, ‘धग’मधले शिंपी. अशी पुस्तके वाचताना जमेल तिथे ते काम करून पाहावे. निदान ते काम करणाऱ्याला वर्गात बोलावून बसवावे, आणि पाहुणा म्हणून हारतुरे देऊन परत न पाठवता त्याला पुस्तकाबद्दल मत विचारावे. करून पाहताना तीन गोष्टी विचारायच्या. काम चांगले झाले हे इथे कशावरून कळते? वर्गात ते आधीपासून कोणाला येते? आणि ज्याला येते त्याला ते सांगायला संकोच वाटतो का? पहिल्या प्रश्नाने पुस्तक कळेल. पुढच्या दोन्हींनी वर्ग कळेल, आणि मग पुस्तक पुन्हा एकदा वाचावे लागेल.

पळसाला पाने तीनच, हे कुठेही खरे आहे. ती पाने कोणाच्या हातात आहेत, यावरून मात्र त्यांचा अर्थ बदलतो. पालगडच्या घरात त्या पानांनी एका मुलाला शहाणे केले. आमच्याकडे ती वर्षानुवर्षे शहाण्या हातांत आहेत, आणि त्या हातांना कोणी शहाणे म्हणत नाही. समीक्षेने निदान एवढे म्हणावे.